रिकाम्या पाटाची पंगत

फार जुनी गोष्ट नाही, पण कॉम्प्युटरच्या हिशोबाने आजे-पणजे होऊन गेले.

एका दूध डेअरीच्या कॉम्प्युटरात नोंदी ठेवणारा प्रोग्राम होता. त्यात तारीखबाई राहायची. आजची तारीख सांगणं, एवढंच तिचं काम. डेअरीने नवा कॉम्प्युटर आणला, प्रोग्राम त्यात हलवला आणि त्याच सकाळी बाईला तारीख सांगता येईना. तारखेवाचून पावती निघेना. बाहेर कॅनमधलं दूध नासायच्या बेताला आलं.

"आजचा दिवस आठवत नाही तुला? पुसून टाकतील आता!" शेजारच्या पाटावरची बेरीज खेकसली. आकडे जुळवणं हे तिचं काम.

"मग तू सांग, दोन नि दोन किती, भवाने!"

बेरजेने तोंड उघडलं. आकडा फुटेना.

तारीखबाई चपापली. प्रोग्रामची रीत पंगतीची. आवतण दिलेले सगळे बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही, की कामाला. तिने रांगेवरून नजर फिरवली, तर एक पाट रिकामा! आलेख काढणारा चित्रोबा जुन्या कॉम्प्युटरातच राहिला होता. त्याला कधी कुणी काम सांगितलं नव्हतं.

तिने आवतणाच्या यादीतून त्याचं नाव काढलं, पाट उचलला. सगळी पंगत एकदम बोलू लागली. पावती निघाली, कॅन हलले.

तारीखबाई त्या मोकळ्या जागेकडे बघतच राहिली.

"बाई गं," ती बेरजेला म्हणाली, "जो आलाच नाही, त्याने आपल्या सगळ्यांची तोंडं बांधली होती!"

"आणि मी तुझ्यावर खेकसत होते," बेरीज पुटपुटली.