मांजराची उडी

धान्याची कोठारं अजून कुडाची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कोठारात उंदरांची पोरं सोंगांचा खेळ खेळत. एकानं मांजर व्हायचं, बाकीच्यांनी चिंचोक्यांचं दान टाकून पळायचं. कोण किती पळणार, मांजर किती लांब उडी मारणार, हे सगळं एका फाटक्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

एके दिवशी चिचुंद्री त्याच पुस्तकाची सुधारित आवृत्ती विकायला आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं.

म्हाताऱ्या खुडबुडी उंदरिणीनं पानं चाळली. "यात मांजराची उडी तीनच हात कशी? जुन्यात पाच आहे."

"पाच हातांत सगळे सारखे मरायचे, आजी. पोरांना मजा येत नव्हती."

"ते पाच हात कुणी मनानं लिहिले नाहीत, बाई. माझी बहीण तेवढ्या अंतरावर उभी होती."

पोरं हसली. साठवलेले शेंगदाणे देऊन त्यांनी नवं पुस्तक घेतलं, जुनं कुरतडून बिळात अंथरलं. पुढं चार महिने खेळात कुणीच मेलं नाही.

मग कोठारात खरं मांजर शिरलं. खुडबुडी ओरडत राहिली, पण पोरं त्याच्यापासून चार हातांवर निवांत उभी होती.

मांजराकडं जुनीच आवृत्ती होती.