सेंगोलाचं मूळ

“पण मग ‘सेंगोल’ या शब्दाचं मूळ काय, बुवा?”

वेंकोपंतांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चांगलाच चढला होता. त्र्यंबकबुवा मठाच्या पायरीवर बसून सुपातल्या चिंचा सोलत होते. सोलतच राहिले...

तंजावरच्या दरबारात वेंकोपंतांचं वजन मोठं. उद्या महाराजांच्या हाती नवा राजदंड द्यायचा होता. तमिळ मुलखात त्याला सेंगोल म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ पंतांनी भर दरबारात सांगायचा होता. अर्थ त्यांना तोंडपाठ होता. सेंगोल म्हणजे सरळ काठी, सरळ राज्य करणाऱ्याच्या हातातली. मूळ तेवढं गुरूंच्या तोंडून हवं होतं, म्हणजे कुणी शंका काढायला नको.

बुवांनी भलतंच विचारलं. दंड घडवणारा वेलू सुतार कुठे आहे?

पंतांचं डोकंच फिरलं. त्या उर्मटाचं नावही काढू नका, म्हणाले. फणसाचं लाकूड पंतांनी स्वतः निवडलेलं, आणि हा चारचौघांत म्हणतो, काठी वाकडी आहे, हिच्यावर सोनं चढवू देणार नाही! कालपासून दोन्ही पाय खोड्यात अडकवून त्याला उन्हात बसवला होता.

“वाकडी आहे?”

“तुम्हीच बघा.” पंतांनी फडकं सोडून दंड पायरीवर आदळला.

बुवांनी तो उचलला, पण बघितला नाही. त्याचं एक टोक पंतांच्या डोळ्याखाली, गालाला टेकवलं.

“एक डोळा मीट. सुतार बघतो तसा बघ.”

पंतांना अपमान सहन होईना. मी काय सुतार आहे? पण गुरूंचा हात हलला नाही... शेवटी त्यांनी डोळा मिटला.

दंड मधोमध डावीकडे झुकला होता. तिळाएवढाच, पण झुकला होता.

पंतांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा आणखी राग आला. दुसरा दंड करवून घेतो, ते पुटपुटले, दुसऱ्या सुताराकडून. पण अर्थ तर सांगावाच लागेल, तेव्हा शब्दाचं मूळ...

बुवांनी चिंचांचं सूप बाजूला सारलं. इतक्या वर्षांत पंतांनी त्यांना असं संतापलेलं पाहिलं नव्हतं.

“ते मूळ कालपासून खोड्यात बसलंय, वेंकोबा. जा, पाय मोकळे कर.”