बद्द वाजलेला आस

रस्त्यांवर फक्त बैलगाड्याच धावायच्या, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभारीण राहत होती. मडकं विकताना ती ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि वाजवून घ्या म्हणायची. पक्कं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की ती कुरकुर न करता दुसरं द्यायची. अशी ही बाई, पण स्वतः खरेदीला गेली तेव्हा काय घोटाळा करून बसली ते ऐका.

तिची एकुलती एक लेक घाटापलीकडे दिली होती. लेकीला सातवा महिना लागला, तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. बैल घरचे होते, पण गाडी मोडून पडली होती. आणि घाट असा की एका वळणावर चाकाला लागूनच खोल दरी होती. म्हणून वर्षानुवर्षांची साठवण कनवटीला लावून, बैल पुढे घालून ती पेठेत गेली.

गाड्या विकणाऱ्या शेटच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तिचे डोळे दिपले. चाळीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एकीवर मोर रंगवलेले, एकीला पितळी घुंगरं. एवढं वैभव तिनं देवळातसुद्धा पाहिलं नव्हतं. नखांत माती अडकलेले आपले हात तिनं गुपचूप पदराखाली घेतले.

शेटनं तिला मोरांची गाडी दाखवली. सवयीनं तिनं बैल हाकायची काठी वर केली, गाडीवर ठोकून बघायला. शेट हसला.

"मावशी, ही गाडी आहे, तुमचं मडकं नव्हे."

भोवतालचे चार जण हसले. ती लाजेनं चूर झाली. तिनं काठी खाली घेतली आणि कनवटीचे पैसे मोजून दिले. शेटनं लगेच चाकापुढे नारळ फोडला. त्या पेठेची रीतच होती, नारळ फुटला की सौदा पक्का, मग कुणी तोंड उघडायचं नाही.

बैल जुंपून ती वेशीपाशी आली आणि बैलांना पाणी पाजायला थांबली. तिथं हसायला कोणी नव्हतं. तिनं चाकावर काठी मारली, चाक ठणठणलं. मग वाकून दोन्ही चाकांमधल्या आसावर मारली. बद्द! तिनं नखानं रंग खरवडला. आत लाख आणि भुसा भरलेली हातभर चीर होती. तिला घाटातलं वळण दिसलं, गाडीत अवघडून बसलेली लेक दिसली.

ती तशीच माघारी फिरली. शेटनं आधी नारळाकडे बोट दाखवलं. पण बाई हलेना. तेव्हा तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, की बोभाटा करू नका, दुसरी अस्सल गाडी घेऊन जा, वर घुंगरं माझ्याकडून. खोटं कशाला बोला, तिचा जीव भांड्यात पडला. लेक सुखरूप येणार होती. तिला आणखी काय हवं होतं?

बैल नव्या गाडीला जुंपता जुंपता तिनं सहज विचारलं, "मग ही मोरांची कुठं जाणार?"

"जाईल उद्या कुणाच्या तरी दारात," शेट म्हणाला.

तिचा हात थांबला. उद्या त्याच वळणावर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसलेली असणार होती. तिनं जू खाली ठेवलं, काठी उचलली आणि सगळ्यांच्या देखत मोरांच्या गाडीच्या आसावर दणकन मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. अंगणातली माणसं भोवती गोळा झाली.

पेठेचे न्यायनिवाडे करणारे म्हातारे महाजन चालत आले. त्यांनी कान लावून ऐकलं, चिरेत बोट घातलं. शेट नारळाचं बोलू लागला तसा त्यांनी हात वर केला.

"नारळ मालावर फुटतो, शेट. दडवलेल्या दोषावर नाही."

मग त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, आता प्रत्येक गाडी वाजवा. आणि काय सांगू! ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन माणसं सरसावली. चाळीस गाड्या एकदम बोलू लागल्या. सागवान घणघणत होतं, बाभूळ ठणठणत होती, सारी पेठ त्या नादानं भरून गेली. लोकांच्या अंगावर काटा आला. आणि त्या नादात मध्येच कुठंतरी बद्द, आणखी एक बद्द. लपायला जागाच उरली नाही. कुंभारीण तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. आपल्या साध्या काठीत एवढं बळ आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

पाच गाड्या खोट्या निघाल्या. त्यांचे आस तिथंच फोडले, आणि ते सरपण महाजनांनी कुंभारणीच्या भट्टीला पाठवलं. तिला तिनं स्वतः वाजवून घेतलेली गाडी मिळाली. शेटच्या दारात मात्र एक काठी कायमची टांगली गेली. कोणीही यावं, ठोकावं, मगच नारळ फोडावा.

आठ दिवसांनी लेक घाट उतरून आली. त्या वळणावर आईनं श्वास रोखून कान आसाकडे लावला होता. आस काही बोलला नाही. लेकीला मात्र गाढ झोप लागली होती.

तात्पर्य एवढंच: वस्तू घेताना वाजवून बघायला लाजू नये, आणि खोट सापडली तर ती आपल्यापुरती बदलून गप्प बसू नये, चारचौघांत सांगावी.