पावाचा पुडा आणि पोपट मासा

मुलांनो, ही गोष्ट मी माझ्या ऋजुलासाठी रचली. ती पहिलीत आहे. आम्ही मालवणला गेलो होतो आणि सकाळी होडीने समुद्रात जाऊन, तोंडाला नळी लावून, पाण्याखालचे मासे बघायचं ठरलं होतं. त्या काळजीने माझी झोप उडाली. नळीत पाणी गेलं तर? जॅकेट सैल झालं तर? मी स्वतः पोहण्याच्या तलावातसुद्धा जरा घाबरले की आधी पाय टेकवून उभी राहते. म्हणून मी एक युक्ती काढली. पावाचा मोठा पुडा घेतला. होडीतूनच पाव टाकायचा, मासे वर येतील, मुलगी बसल्या जागी बघेल. पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही.

किनाऱ्यावर आम्हाला घेऊन जाणाऱ्या परबताईंनी पुडा पाहिला आणि सांगितलं, की पाव होडीत चढणार नाही, आणि पाण्यात कोणी पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही. कारणही सांगितलं. मला पटलं, पण ऋजुला काही पुडा सोडेना. होडी यायला वेळ होता. मनात म्हटलं, पाव सुटला तर बरंच. मासे दिसले नाहीत की कंटाळून हीच परत चला म्हणेल. मग वाळूत बसून मी तिला सांगितलं ते असं :

एका उथळ समुद्रात, पोवळ्याच्या कपारीत, एक पोपट मासा आपल्या पिल्लांसह राहत असे. पोवळं दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं, आणि त्याच्यावर सारखं शेवाळ चढत असतं. पोपट मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी ते दिवसभर खरवडून खाई. त्याचं पोट भरे आणि पोवळ्याला ऊन मिळे. शिकारी मासा आला, की पिल्लं पटकन कपारीत शिरत.

पुढे तिथे होड्या येऊ लागल्या. माणसं पाव टाकत. काही जण तर पोवळ्यावर उभे राहून टाकत, आणि पायांखाली त्याच्या फांद्या मोडत. पोपट माशाला पाव फार आवडला. खरवडायला नको, चावायला नको. शेजारच्या बिळातला खेकडा म्हणाला, "आज शेवाळ तसंच राहिलं की रे."

"उद्या खाईन," पोपट मासा म्हणाला. "भरल्या पोटी कोण दात झिजवतं?"

"घर तुझं आहे, म्हणून बोललो," खेकडा म्हणाला आणि बिळात गेला. दुसऱ्या दिवशीही होडी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली.

मग पावसाळा लागला, समुद्र खवळला आणि होड्या बंद झाल्या. होड्यांबरोबर पावही बंद. पोपट मासा भुकेला होऊन घराकडे वळला, तर शेवाळाखाली गुदमरून पोवळं मेलेलं. मोडक्या फांद्या लाटांनी केव्हाच वाहून नेल्या होत्या. तेवढ्यात शिकारी मासा आला. पिल्लं सवयीने कपारीकडे धावली, पण कपार उरलीच नव्हती. खेकडा बिळाच्या तोंडापासून बाजूला झाला आणि म्हणाला, "शिरा आत." मावली तेवढी पिल्लं वाचली. त्यांना घेऊन पोपट मासा दुसरं पोवळं शोधायला निघाला, आणि वाटेत त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

तात्पर्य : ज्याच्या घरी आपण पाहुणे जातो, त्याला आपल्या खाऊची सवय लावू नये आणि त्याच्या घरावर पाय देऊ नये, डोळे भरून बघावं आणि निघावं.

तात्पर्य बरं जमलं असं मला वाटलं. ऋजुलाने पुडा माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "म्हणजे आता मासे वर येणारच नाहीत. मग आपणच त्यांच्याकडे खाली जाऊ. आणि आई, तू घाबरलीस ना, तरी पाय टेकवू नकोस हं. माझा हात धर."