दहा काचपट्ट्या

"मग सुमेधचंच औषध पुढच्या चाचणीला का, बाई? माझं का नाही?"

केळुसकरबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"अजून ठरलेलं नाही."

"लॅबमध्ये पेढे तेवढे वाटायचे राहिलेत!"

हेमांगी आणि सुमेध, दोघेही बाईंच्या हाताखाली संशोधन करत. दोघांचं काम एकच. अँजिओप्लास्टीत फुग्याने रुंद केलेली धमनी पुन्हा अरुंद का होते? जखम झाली की पेशींवरच्या रिसेप्टरना 'वाढा' असा निरोप मिळतो. पेशी वाढत सुटतात, रक्ताची वाटच बुजवतात. तो रिसेप्टर अडवायला दोघांनी दोन औषधं केली होती.

पण बाई सुमेधच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबत... तिने घड्याळ लावून पाहिलं होतं.

"माझं औषध रिसेप्टर कायमचा बंद करेल, बाई."

"आणि जखम कोण भरेल?"



बाईंनी एक ट्रे पुढे सरकवला. उंदरांच्या धमन्यांचे काप, दहा काचपट्ट्या, सगळ्या एकाच औषधाच्या. नावांवर नेहमीप्रमाणे चिकटपट्टी. काम कोणाचं, ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून.

"आत किती जाडी वाढली, मोज."

ट्रे सुमेधच्या टेबलावरून आला होता. ते हेमांगीने बरोबर टिपलं होतं.

ती मोजायला बसली. जिथे शंका आली, तिथे तिने वाढच धरली. एकदा नाही, दहाही वेळा.

"कुचकामी औषध आहे," ती म्हणाली. "दोन धमन्या तर बंद पडल्यात जमा."

"नक्की?"

"सही करून देते."

तिने केलीही.

बाईंनी नखाने पहिली चिकटपट्टी सोलली. खाली हेमांगीचं अक्षर होतं.

दुसरी सोलली. तेच अक्षर.

"पण... ट्रे तर त्याच्याकडून आला!"

"सकाळी त्याने मोजल्या. तेव्हाही नावांवर चिकटपट्ट्या होत्याच." बाईंनी एक कागद तिच्यासमोर ठेवला. सुमेधचे आकडे तिच्या आकड्यांच्या निम्मे होते. खाली शेरा होता: 'औषध उत्तम. कोणाचं आहे?'

हेमांगीचे कान तापले. तीन वर्षांचं काम तिने स्वतःच्या सहीने बुडवलं होतं.



"बाई," शेवटी ती पुटपुटली, "माझी मोजणी रद्द करा. त्याची धरा ना. तो... तो नीट मोजतो."

बाईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे त्याला जाऊन सांग."