दहाव्या घोड्याची जागा

फार पूर्वी, शुभ्रवती नदीच्या काठी चंपकनगरात जयकेतू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने एका लहानशा मानकऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव भद्रमित्र असे होते.

जयकेतूच्या पणजोबांनी युद्धाच्या धामधुमीत बारा घराण्यांना मानकरी केले होते. प्रत्येक घराण्याला तीन गावे, डोक्यावर धरायला एक छत्र, दारात सकाळचा चौघडा आणि दरबारात बसायला जागा मिळाली. या मानाच्या बदल्यात अट एकच होती. प्रत्येकाने दहा घोडे बाळगावे आणि दर मार्गशीर्षात नगराबाहेरच्या माळावर ते राजापुढून चालवून दाखवावे. या सोहळ्याला अश्वदर्शन म्हणत. जो एकाही घोड्याने उणा पडेल, त्याचे छत्र उतरवून त्याची गावे दुसऱ्यास द्यावी, असे ताम्रपटावर कोरलेले होते.

पुढे युद्धे सरली. मानकरी राहिले, मान राहिला, पण घोडे टिकेनात. कारण मान वर्षातून एकदा मिरवायचा असतो आणि घोडा रोज खातो. चौघड्याचा आवाज मोठा आणि चुलीवरचे पातेले लहान, अशी त्या घरांची स्थिती झाली. कोणाच्या दारी चौघडा वाजवणाराच आत जाऊन भाकरी थापीत असे. कोणाच्या छत्राची झालर नवी असे आणि घोड्याच्या बरगड्या मोजता येत. तरीही अश्वदर्शनाच्या माळावर दर वर्षी एकशेवीस घोडे मोजून भरत, कारण सोहळा तीन दिवस चाले आणि दर दिवशी चारच मानकऱ्यांची पाळी येई. पहिल्या दिवशीचे घोडे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या नावाने चालत. काजळाने तांबडा घोडा काळा होई, तांदळाच्या पिठीने कपाळावर चांदणी उमटे. बाराही घरांना हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या राजाला.

बोधिसत्त्वाच्या गढीत मात्र दहा घोडे खरोखरच होते. त्याच्या छत्राला झालर नव्हती आणि घरात सणावाराखेरीज गोड शिजत नसे, म्हणून ते होते.

एका वर्षी ज्येष्ठात लाळखुरकुताची साथ आली आणि बोधिसत्त्वाच्या तिन्ही गावांतले बैल आडवे झाले. आभाळ भरून आले होते, जमीन वाट पाहत होती, आणि नांगराला जोडायला जनावर नव्हते. गावकरी गढीपुढे येऊन नुसते उभे राहिले. मागायचे काय, हेही त्यांना सुचत नव्हते.

बोधिसत्त्व म्हणाला, "माझ्या तबेल्यात दहा जनावरे उभी आहेत."

ते ऐकून म्हातारा मोतद्दार म्हाळू पुढे आला. घोड्यांची निगा राखण्यात त्याचे केस पांढरे झाले होते.

"धनी, घोड्याच्या मानेवर जू? माझ्या बापाच्या हयातीत असलं कुणी बोललं न्हाई."

"तुझ्या बापाच्या हयातीत सगळे बैल एकदम पडले होते का, म्हाळू?"

म्हाळू तीन दिवस धन्याशी बोलला नाही. पण बैलांचे जू घोड्यांच्या मानेला बसेना, तेव्हा त्यानेच आपली गोधडी फाडून जुवाखाली गादी शिवली. पहिल्या दिवशी घोडे नांगरासकट गावतळ्यात शिरले आणि नांगराच्या मागे धावणारा बोधिसत्त्वही गळ्याइतक्या पाण्यात गेला. गाव पोट धरून हसले, तोही हसला. आठव्या दिवशी घोडे नांगराचे सरळ तास धरू लागले. बांधाशी आले की कोणी न सांगता, दोघे दोघे मिळून, संथपणे वळू लागले.

त्या साली जोंधळा घोड्यावरच्या स्वाराला झाकील इतका वाढला. घोड्यांच्या मानेवर जू घासून झालेल्या जखमा भरून आल्या, पण तिथे पांढरे केस उगवले. इतर मानकरी बोधिसत्त्वाला 'नांगरे सरकार' म्हणू लागले. कोणी तशी हाक मारली की तो ओ देत असे.

मार्गशीर्ष उजाडला. अश्वदर्शनाला चार दिवस उरले असताना बोधिसत्त्वाची चंद्री नावाची घोडी व्याली. चार पांढऱ्या पायांचे, ओल्या डोळ्यांचे शिंगरू झाले. आनंदाने म्हाळूने तबेल्याला आंब्याच्या पानांचे तोरण बांधले. तोरण बांधून झाल्यावर मात्र तो मटकन खाली बसला. नगर दोन दिवसांच्या वाटेवर होते. ओले शिंगरू तेवढे चालणार नाही आणि त्याला सोडून आई हलणार नाही. बोधिसत्त्वाकडे आता नऊच घोडे राहिले होते.

ही वार्ता ऐकून शेजारच्या गढीचा मानकरी रणधवल लगोलग आला. त्याचे नाव मोठे होते, मिशा नावाहून मोठ्या होत्या, आणि घोडे चार होते. पण मन खरोखर उदार होते.

"अरे भद्रा, तोंड का उतरलंय तुझं? एक घोडा कमी, एवढंच ना? आपली पाळी तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी चालून मोकळे झालेले पुष्कळ असतील. मी सहा घेणारच आहे, तुझ्यासाठी सातवा घेतो. काजळ माझं."

"दादा, तुमचे उपकार होतील. पण तो घोडा माझा नसेल."

"मग माझे सहा कुठे माझे आहेत?" रणधवल गडगडाटी हसला. "आणि त्या मानेवरच्या पांढऱ्या डागांवर जाड झूल टाक बाबा. जू ओढलेला घोडा म्हणजे घराण्याला बट्टा. वहिनी, तुम्ही तरी सांगा याला!"

बोधिसत्त्वाची पत्नी रेवा दाराआड उभी होती. रणधवल गेल्यावर ती म्हणाली, "छत्र गेलं तर माझ्या डोक्यावर पदर आहे. पण गावं गेली तर ती कुणाच्या हाती पडतील, ठाऊक नाही. पुढच्या साथीत तो आपले घोडे देईल का? तुमच्या एका खरेपणाची किंमत तीन गावांनी का द्यावी?"

बोधिसत्त्व उठून तबेल्यात गेला. कोवळे ऊन आत आले होते. शिंगरू उभे राहण्याची धडपड करीत होते. ते पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले. चंद्री त्याला चाटत होती, पण उचलीत नव्हती. शेवटी चारही पाय फाकवून ते उभे राहिले आणि आपण केलेल्या पराक्रमाने स्वतःच दचकले.

बोधिसत्त्व परत आला तेव्हा त्याच्या मुखावर प्रसन्नता होती. तो म्हणाला, "रेवा, उसन्या पायांवर कोणी उभे राहत नाही. उद्या राजावर खरोखर संकट आले, तर तो एकशेवीस घोड्यांच्या भरवशावर निघेल, आणि ते घोडे जगात नसतील. तेव्हा आपली गावे कोण राखील? त्यांच्यासाठी खोटे बोलावे, तर ते खोटे एक दिवस त्यांच्याच अंगावर यायचे."

रेवा म्हणाली, "तर मग झूलही नको. नऊ दाखवायचे तर डागांसकट दाखवा."

अश्वदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी माळावर सनई वाजत होती. राजा उंच मंचावर बसला होता. रणधवलाचे दहा घोडे आधी निघाले. ते एकमेकांना अनोळखी असल्यामुळे कोणी पुढे धावत होता, कोणी शेजाऱ्याला चावत होता, आणि ऊन चढू लागल्यामुळे दोघांच्या काळ्या पायांवरून काळे ओघळ येत होते. राजाने भुवया उंचावल्या.

मग बोधिसत्त्वाचे घोडे आले. त्यांच्यावर झूल नव्हती. आधीच्या आठ घोड्यांच्या चार जोड्या होत्या. त्या अशा चालीने आल्या की जणू माळावर कोणी सुताने रेघ आखली आहे. पाचव्या जोडीत एकच घोडा होता आणि त्याच्या शेजारी मोकळा लगाम दोन्ही हातांत धरून, मान ताठ करून, म्हातारा म्हाळू चालत होता. माळाचा शेवट आला तेव्हा, कोणी सांगितले नसताना, सगळ्या जोड्या बांधाशी वळल्यासारख्या वळल्या. म्हाळूही वळला.

राजाने हात वर केला. सनई थांबली.

"म्हातारबाबा, हा लगाम कुणाचा?"

"चंद्रीचा, म्हाराज."

"आणि चंद्री कुठे आहे?"

"चंद्री बाळंतीण हाय, म्हाराज. तिला वारं लागंल, म्हून घरी ठेवली."

माळावर हास्याची अशी लाट उठली की मंचाचे खांब हलले. राजाच्या डोळ्यांना पाणी आले. ते पुसून तो मंचावरून उतरला आणि पहिल्या घोड्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांवर त्याने बोटे ठेवली.

"भद्रमित्र, हे डाग कसले?"

"जुवाचे, महाराज. ज्येष्ठात बैल पडले, तेव्हा यांनी तीन गावे नांगरली."

"आणि तू नऊच घोडे घेऊन आलास. ताम्रपटात काय लिहिले आहे, ते तुला माहीत आहे?"

"माहीत आहे, महाराज. छत्र मी बरोबरच आणले आहे." बोधिसत्त्वाने मिटलेले छत्र राजाच्या पायांशी ठेवले. "गावे ज्याला द्याल, त्याला एवढेच सांगावे, की उतारावरची जमीन आडवी नांगरायची असते."

राजाने विचारले, "एक घोडा उसना मागायचे तुला सुचले नाही? तुझ्या शेजाऱ्याने दिला नसता?"

"मागण्याआधीच देऊ केला होता, महाराज. रणधवलदादांसारखा उदार शेजारी मिळणे हे पूर्वपुण्य आहे. पण तुम्ही माझे घोडे पाहायला बोलावले होते, म्हणून मी माझेच आणले."

या उत्तरात ना आरोप होता, ना सूचना. पण रणधवलाच्या मिशा थरथरू लागल्या. निंदा त्याने पचवली असती. ही स्तुती त्याला पचेना. तो पुढे आला आणि आपल्या घोड्याच्या पायावरचे काजळ त्याने स्वतःच्या शेल्याने पुसले.

"महाराज, माझे चारच. हा सगळा रंग माझा."

"माझे पाच," मागून दुसरा मानकरी म्हणाला.

"माझे तीन. त्यातला एक आंधळा आहे, पण स्वभावाने चांगला."

असे करीत सर्वांनी सांगितले. बेरीज सत्तावनावर थांबली. प्रत्येकाच्या तोंडून खरी संख्या निघताच त्याचा चेहरा असा उजळत होता, की जणू वर्षानुवर्षांचे ओझे कोणी उतरवून घेतले.

"मग इतकी वर्षे मी पाहत होतो ते कोणाचे घोडे?" राजाने वृद्ध मंत्र्याला विचारले.

"तेच ते, महाराज," मंत्री म्हणाला. "मलाही ते ओळखीचे वाटत असत."

राजा पुन्हा हसला, पण मग गंभीर झाला. "ताम्रपटाप्रमाणे आज बाराही छत्रे उतरतात. भद्रमित्र, मी काय करावे?"

"महाराज, दहाचा आकडा युद्धाच्या दिवसांतला आहे. ज्याला जितके घोडे पोटभर खाऊ घालता येतील, तितकेच त्याने ठेवावे आणि तितकेच खरे सांगावे. शांततेत ते नांगराला जुंपावे, संकटात तुमच्या चरणी आणावे. सत्तावन खरे घोडे एकशेवीस रंगवलेल्यांहून अधिक असतात."

राजाने ते मान्य केले. बोधिसत्त्वाचे छत्र त्याने स्वतःच्या हाताने उघडून त्याच्या मस्तकावर धरले आणि दरबारातली पहिली जागा देऊ केली. बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला, "जागा आहे तीच बरी, महाराज. मला फक्त लवकर निरोप द्यावा. शिंगराचे बारसे आहे."

"त्याला यायला आम्हाला बोलावणे नाही का?" राजा म्हणाला.

बाराव्या दिवशी बोधिसत्त्वाच्या झालर नसलेल्या छत्राखाली राजा बसला होता. रणधवलाने घुगऱ्या वाटल्या, रेवेने शिंगराच्या कपाळी कुंकू लावले, आणि सर्वांनी मिळून त्याचे नाव 'दहावा' असे ठेवले. दहाव्याने त्याच वेळी राजाचा शेला चावून पाहिला. त्यानंतर अश्वदर्शनात प्रत्येक मानकऱ्याच्या घोड्यांशेजारी, नसलेल्या घोड्याच्या जागी, एक माणूस मोकळा लगाम घेऊन चालू लागला, आणि ती जागा सर्वांत मानाची ठरली.

संघाचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली तिचे निमित्त असे. मोठ्या घराण्यातून संघात आलेला पूर्णभद्र नावाचा भिक्षू, चीवराला लावलेले ठिगळ लोकांना दिसू नये म्हणून, भिक्षेला जाताना ते घडीत दडवीत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा जयकेतू राजा म्हणजे आज तुमच्यात बसलेला स्थविर सुयाम. म्हाळू मोतद्दार म्हणजे विहाराचे अंगण झाडणारा वृद्ध उपासक. रेवा म्हणजे आज सकाळी पेज घेऊन आलेली उपासिका. मानकरी भद्रमित्र मीच होतो. आणि उदार मनाचा रणधवल, पूर्णभद्रा, तो तू."

पूर्णभद्र लाजला, मग मोकळेपणाने हसला. चीवराची घडी उलगडून त्याने ठिगळ वर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तसाच, ऊन खांद्यावर घेत, भिक्षेला गेला. जे आहे ते आहे तसे दाखवण्यात जो आनंद आहे, तीच सत्यपारमिता होय.