कुणावर गेलीय डिंकी?

हिमनदी अजून ढाराढूर झोपलेली होती आणि तिच्या पायथ्याचा ओढा जेमतेम झुळझुळत होता, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यातल्या एका धोंड्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचं मोठं कुटुंब राहत होतं. तिथे एकाचे दोन व्हायचे, दोनाचे चार, आणि सगळे हुबेहूब गुळगुळीत! बारशाला एकच प्रश्न, "कुणावर गेलंय बाळ?" आणि एकच गलका, "आपल्यावरच!"

एकदा मात्र त्यांच्यातल्या हिमाक्काला चिकट लेक झाली, डिंकी. पापा घ्यायला जाईल तो तिलाच चिकटून बसे!

"अगंबाई, ही कुणावर गेलीय?" थोरल्या आत्याबाई ओरडल्या. "आमच्यात नाही हो असलं कुणी! ठेवा तिला कडेला."

तेवढ्यात उन्हाने हिमनदीला जाग आली आणि धो धो लोंढा सुटला. गुळगुळीत मंडळी घसरगुंडीवरून सुटावीत तशी निघाली. "धरा! अहो, धरा!"

कडेला घट्ट बसलेली डिंकी घाईघाईने एकीच्या दोन झाली, दोघींच्या चार, आणि सगळ्या चिकट! वाहत येणारा जो तो त्यांना धडकला आणि तिथेच डकला.

पाणी ओसरलं. डिंकीने विचारलं, "आत्याबाई, आता सांगा, मी कुणावर गेलेय?"

"हे काय विचारणं झालं?" तिच्या नाकाला चिकटलेल्या आत्याबाई म्हणाल्या. "अगदी माझ्यावर!"